मदत हवी आहे: जुन्या सिंथची (सिंथेसायझरची) मेमरी बॅटरी तीन आठवड्यांत संपते

नौपाड्यातल्या काकांचा ऑर्केस्ट्रा होता तेव्हाचा, ऐंशीच्या दशकातला जपानी सिंथ माझ्याकडे आलाय. वाजतो झकास. पण आतली सीआर२०३२ बॅटरी तीन-साडेतीन आठवड्यांतच मान टाकते आणि सेव्ह केलेले सगळे आवाज गायब! एरवी हा सेल पाच वर्षं सहज टिकायला हवा.

आधी वाटलं, सेलच डुप्लिकेट. लॅमिंग्टन रोडवरून दोन आणले, होल्डरही नवा लावला, गत तीच. मग सिंथ बंद ठेवून बॅटरीच्या सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावला, त्यावर ०.३८ व्होल्ट, म्हणजे ३८० मायक्रोॲम्पिअर. सेल साधारण २२० एमएएचचा (मिलिॲम्पिअर-तास), म्हणजे हिशेब चोख जुळतो. करंट पाच-दहा मायक्रोॲम्पिअरच्या आत असायला हवा ना?

५ व्होल्टच्या लाइनकडचा डायोड लीक होत असेल म्हणून त्याचा एक पाय उचलून पाहिला, फरक शून्य. बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासून पुसला. (दमट हवेत कपाटात होता, बुरशीचा एक डाग निघाला.) आता संशय तिघांवर: आवाज साठवणारी रॅम चिप, तिच्याजवळचा कपॅसिटर, किंवा बंद असताना चिप सिलेक्ट (रॅमला जागं करणारी-झोपवणारी पिन) 'हाय', म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजजवळ, धरून ठेवणारा ट्रान्झिस्टर. चिप सिलेक्टवर ०.९ व्होल्टच दिसतात, त्यामुळे माझा कल ट्रान्झिस्टरकडे.

रॅम न काढता हे पक्कं कसं करू? आवाज कॅसेटवर डंप (रेकॉर्ड) करून ठेवलेत, ती भीती नाही. ठाणे-ऐरोली पट्ट्यात बोर्डवर काम करणारं कुणी माहीत आहे का? 'बोर्डच बदला' म्हणणारे दोघे भेटून झालेत.