स्वतंत्र पक्ष महाराष्ट्रात का रुजला नाही? माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळात राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) स्वतंत्र पक्षावर बोलायचं आहे. इतिहास बऱ्यापैकी जमवलाय, पण एका ठिकाणी गाडं अडलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

थोडक्यात पार्श्वभूमी: जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. आज जमीन सहकारात गेली की उद्या सरकारात जाणार, या धास्तीने राजाजी, शेतकरी नेते प्रा. रंगा, मिनू मसानी, क. मा. मुन्शी एकत्र आले. ऑगस्टमध्ये मुंबईत नव्या पक्षाचा मेळावा झाला. खासगी मालमत्तेचा हक्क राखा, कर कमी करा, धंद्यात सरकारची लुडबुड नको, असा सगळा सूर. ‘परमिट-लायसन्स राज’ (प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना लागण्याची पद्धत) हा शब्दही राजाजींचाच. १९६२ मध्ये लोकसभेत १८ जागा, १९६७ मध्ये ४४. जनसंघ तेव्हा ३५ वर, म्हणजे हाच सर्वांत मोठा विरोधी पक्ष! १९७१ च्या इंदिरा लाटेत ८ उरले आणि १९७४ मध्ये चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन.

आता अडचण. मेळावा मुंबईत, मसानी मुंबईचे, पैसेवाले पाठीराखेही बरेचसे मुंबईचे. पण जागा आल्या गुजरात, राजस्थान, ओरिसातून. जयपूरला गायत्रीदेवी, ओरिसात तर १९६७ मध्ये माजी संस्थानिक सिंगदेव मुख्यमंत्री. खुद्द मसानी १९६३ मध्ये लोकसभेत गेले ते राजकोटहून. महाराष्ट्रात मात्र जवळपास शुकशुकाट.

माझा अंदाज असा: इथला शेतकरी सहकाराला घाबरणारा नव्हताच. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि जमीन त्याच्याच नावावर राहत होती. कारखाने, सोसायट्या आणि काँग्रेस यांची मोट यशवंतरावांनी घट्ट बांधलेली. दुसरं म्हणजे १९५९ मध्ये इथला विरोधी अवकाश संयुक्त महाराष्ट्र समितीने व्यापला होता, तीही डावीकडे झुकलेली. त्यात मुन्शी मुंबई महाराष्ट्राला द्यायच्या विरोधातले. मराठी माणूस कशाला फिरकतोय?

हे पटतं का? की कूळकायद्यामुळे बड्या जमीनदारांचा आधारच इथे उरला नव्हता, हे खरं कारण?

दुसरा प्रश्न विचारसरणीचा. मला तरी पाटी उदारमतवाद्यांची आणि गल्ल्यावर संस्थानिक, असा मामला वाटतो. मसानी गटाचा यावर काय खुलासा होता?

तिसरं, शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा राजाजींच्या पक्षातले कोणी जुने लोक सोबत आले का? शेतकरी संघटनेतल्या मंडळींना माहीत असेल.

इंग्रजी पुस्तकं मिळाली आहेत. मराठीतलं काही, विशेषतः त्या काळच्या वृत्तपत्रांतले अग्रलेख किंवा विदर्भ-मराठवाड्यात कोणाच्या घरी कुणी या पक्षाचं काम केलं असेल तर त्या आठवणी हव्या आहेत. आणि कृपया धागा आजच्या पक्षांवर नेऊ नका, त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.