मदत हवी आहे: छोट्या युनिटसाठी सीएनसी ऑपरेटरची मुलाखत कशी घ्यावी? (अंबड, नाशिक)

धागाकर्ती: नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचं युनिट आहे. फॅनुक कंट्रोलची दोन सीएनसी टर्निंग मशिन (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारे लेथ), सगळी मिळून आठ माणसं. रात्रपाळीला दोन ऑपरेटर हवेत. येणारा प्रत्येक जण पाच वर्षांचा अनुभव सांगतो, पण मशिनवर उभा केला की साइझ सुटतो. अर्ध्या तासात माणूस ओळखायचा तर काय विचारावं? पगाराचं कधी काढावं?

सेटर सातपूर: ताई, आधी मायक्रोमीटर पुढ्यात ठेवा, प्रश्न नंतर. 20 मिमी व्यासाच्या शाफ्टचे, स्मॉल h7 टॉलरन्सचे (मापात चालणाऱ्या फरकाचे) पाच जॉब, म्हणजे तयार तुकडे, द्या. माप 19.979 ते 20.000 मध्ये हवं. एक जॉब मुद्दाम 20.02 चा ठेवा, एकाची बर (कडेला उरलेली धातूची धार) काढू नका. कुठला ओके, कुठला रिजेक्ट, हे त्याला कागदावर लिहू द्या.

उत्तराच्या आधी त्याचे हात बघा. जॉब पुसला का? झीरो तपासला का? टोकाचं रॅचेट (ठराविक दाबाला घसरणारी चकती) फिरवतो की थिंबलच (मुख्य फिरती नळी) पिळतो? पिळणाऱ्याचं माप दर वेळी वेगळं येतं, आणि इथे एकूण जागाच 21 मायक्रॉनची (0.021 मिमी) आहे. त्यासाठी 0.001 वाचणारा मायक्रोमीटर लागेल, 0.01 चा चालणार नाही.

मग ऑफसेट, म्हणजे साइझ जुळवायला मशिनमध्ये टाकायचा फरक. जॉब 20.04 आला, 19.99 हवा, वेअरमध्ये (टूलच्या झिजेच्या ऑफसेटमध्ये) X ला, म्हणजे व्यासाला, आधीच 0.12 आहे. काय कराल? -0.05 टाकून '+इनपुट' दाबायचं, म्हणजे 0.07 होतं. नुसतं 'इनपुट' दाबलं तर 0.12 पुसून -0.05 बसतं, टूल 0.17 ने आत जातं आणि जॉब 19.87 ला बाद. कुणी -0.025 म्हणालं तर तो व्यासाचा हिशोब त्रिज्येने करतोय. हे चार दिवसांत शिकवता येतं. मापाची हयगय मात्र सवयीतून येते, ती सुटायला फार वेळ लागतो.

'जमतं का?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'सकाळचा पहिला जॉब आणि तीन तासांनंतरचा जॉब यांच्या साइझमध्ये फरक का पडतो?' असं विचारा. मशिन गरम होणं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजणं, यातलं काही स्वतःहून बोलला तर माणूस कामाचा.

हिशोबनीस: पगार जाहिरातीतच लिहा, आणि हातात किती पडेल तेही. तुमचे आठ आणि हे दोन, दहा झाले. म्हणजे ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू. ती एकदा लागली की माणसं कमी झाली तरी सुटत नाही. 18,000 पगारावर कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 135 आणि तुमचे 3.25 टक्के म्हणजे 585. पुरुषाचा व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. म्हणजे पूर्ण हजेरीला हातात 17,665. हा आकडा आधी सांगितला नाही तर पहिल्या पगारालाच कुरबूर सुरू होते. पीएफची सक्ती विसाव्या माणसापासून. नेमणूक पत्र द्या. मूळ प्रमाणपत्रं बघून लगेच परत करा, अडकवून ठेवू नका.

द्राक्षपट्टा: दिंडोरी-निफाडकडचा मुलगा असेल तर घरी बाग आहे का ते सरळ विचारा. ऑक्टोबर छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चची काढणी, दोन्ही वेळा घरून बोलावणं येतंच. म्हणून त्याला नाकारू नका, मेहनतीची सवय असलेली मुलं असतात ती. रजेचे दिवस मुलाखतीतच ठरवून त्या आठवड्यांना बदली माणूस बघून ठेवा. दोघेही एकाच तालुक्यातले घेतलेत तर एकदमच रजेवर जातील.

रात्रपाळीला स्वतःची गाडी आहे का, हेही विचारा. चौकशीचा फोन आधीच्या कंपनीत करा, सध्याच्या नको. त्याची आहे ती नोकरी धोक्यात येईल. नवशिका चालत असेल तर त्र्यंबक रोडच्या आयटीआयत टर्नर, मशिनिस्टची मुलं मिळतील.

धागाकर्ती: खूप आभार. मशिनवर चाचणी घ्यायची तर त्याचे पैसे द्यायचे का?

सेटर सातपूर: हो, अर्ध्या दिवसाचे द्या, रोख नको, खात्यावर. चाचणी सिंगल ब्लॉकवर (प्रोग्राम एकेक ओळ चालवत), फीड (टूल सरकण्याचा वेग) कमी ठेवून, तुमचा सेटर शेजारी उभा हवा. मटेरियल भंगारातला तुकडा घ्या, आणि त्यातला जॉब कितीही चांगला निघाला तरी पार्टीला पाठवू नका.