मी मत दिलेच नाही, तरी माझ्या टोकनांचे मत मोजले कसे गेले?

कोरीपाटी (प्रश्न):
वर्षभरापासून माझे काही ॲटम टोकन कॉसमॉस हब या ब्लॉकचेनवर एका व्हॅलिडेटरकडे (व्यवहार तपासून चेन चालवणाऱ्याकडे) डेलिगेट केलेले, म्हणजे मालकी माझीच ठेवून त्याच्या नावे लावलेले आहेत. मध्यंतरी एका प्रस्तावावर मतदान झाले आणि मी तिकडे फिरकलोही नाही. नंतर मोजणीचे नियम वाचले, तेव्हा लक्षात आले की माझ्या टोकनांचे वजन ‘होय’च्या पारड्यात पडले आहे; मी स्वतः मत दिले असते, तर ते ‘नाही’ असेच दिले असते. हे कसे घडते? दुसरे असे की, मत जर माणसागणिक न मोजता टोकनागणिक मोजले जात असेल, तर मतदानापुरते टोकन उसने आणून कोणी निकाल फिरवू शकणार नाही का?

जमाखर्च:
तुमच्या बाबतीत जे झाले ते नियमाला धरूनच झाले. जो डेलिगेटर स्वतः मत देत नाही, त्याचे वजन कॉसमॉस हबवर त्याच्या व्हॅलिडेटरच्या मताबरोबर जाते. समजा, व्हॅलिडेटरकडे एकूण १०,००० ॲटम आहेत आणि त्यांपैकी १०० तुमचे आहेत. त्याने ‘होय’ म्हटले आणि तुम्ही गप्प राहिलात, तर पूर्ण १०,००० ‘होय’कडे जातात, तुम्ही ‘नाही’ नोंदवलेत, तर तुमचे १०० त्याच्या खात्यातून वजा होऊन ‘नाही’कडे येतात. गप्प राहणे म्हणजे त्याला मुखत्यारपत्र लिहून देण्यासारखे आहे, आणि टोकन डेलिगेट करताना व्याजाचा दर पाहणारे बहुतेक जण व्हॅलिडेटरची मागील मते मात्र पाहत नाहीत.

बाकीची रीत अशी. प्रस्ताव हाही एक व्यवहारच असतो आणि त्यासोबत अनामत ठेवावी लागते. ठरलेली रक्कम जमली की मतदान सुरू होते आणि ते १४ दिवस चालते. पर्याय चार: होय, नाही, तटस्थ आणि नकाराधिकारासह नाही. स्टेक केलेल्या (म्हणजे व्हॅलिडेटरांकडे लावून अडकवलेल्या) एकूण टोकनांपैकी किमान ४० टक्के मतदानात उतरले तरच गणपूर्ती होते. तटस्थ मते त्यात धरली जातात, पण होय-नाहीचा निकाल काढताना वगळली जातात. नकाराधिकाराची मते ३३.४ टक्क्यांच्या वर गेली, तर प्रस्ताव पडतो आणि अनामतही जाते. ती कोणाकडे जप्त होत नाही, चक्क नष्ट केली जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ८२ क्रमांकाचा, ‘ॲटम २.०’ म्हणून गाजलेला प्रस्ताव असाच पडला. त्याला सर्वाधिक मते ‘होय’चीच होती, परंतु नकाराधिकाराची मते ३७ टक्क्यांच्या पुढे गेली होती.

उसन्या टोकनांची तुमची शंका रास्त आहे, कारण तसे घडलेले आहे. १७ एप्रिल २०२२ रोजी इथेरियम या ब्लॉकचेनवरील बीनस्टॉक या प्रणालीवर हल्ला झाला. हल्लेखोराने आदल्या दिवशीच एक प्रस्ताव मांडून ठेवला होता. २४ तास उलटल्यावर दोन-तृतीयांश मते मिळाल्यास प्रस्ताव ताबडतोब अमलात आणण्याची सोय तेथे होती. त्याने फ्लॅश लोनने (ज्या व्यवहारात घेतले त्याच व्यवहारात फेडायच्या कर्जाने) सुमारे १ अब्ज डॉलर उचलले, ते ठेवून मताधिकार मिळवला, मत दिले, प्रस्ताव अमलात आणला, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडले. हे सगळे एकाच व्यवहारात. प्रणालीचे नुकसान १८ कोटी डॉलरांहून अधिक होते. नियम कोठेही मोडला गेला नव्हता, आणि मला ही घटना यासाठीच महत्त्वाची वाटते.

कॉसमॉस हबवर हा डाव चालत नाही. मत स्टेक केलेल्या टोकनांनाच असते आणि स्टेक सोडवून घ्यायला २१ दिवस लागतात. फ्लॅश लोन तर त्याच व्यवहारात फेडावे लागते. कंपाउंड या इथेरियमवरील कर्जव्यवहाराच्या प्रणालीत वेगळी युक्ती आहे: मतदान सुरू होते त्या ब्लॉकला (चेनवर नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्याला) तुमच्याकडे जेवढा मताधिकार होता, तेवढाच धरला जातो, त्यामुळे नंतर आणलेले टोकन उपयोगाचे नाहीत. पोल्काडॉट या ब्लॉकचेनवर उलट बाजूने विचार केलेला दिसतो. तेथे टोकन जितका काळ अडकवून ठेवाल तितके मताचे वजन वाढते. २२४ दिवस अडकवल्यास ते सहापट धरले जाते.

उंबरठा:
वरील उत्तरात एक भर घालतो. मत मंजूर झाले की सगळीकडे बदल आपोआप लागू होतो, असा समज होऊ नये. पोल्काडॉटचा रनटाइम, म्हणजे चेनचे नियम चालवणारा कोड, चेनवरच साठवलेला असल्यामुळे मंजूर झालेला नवा कोड नोडचालकांनी (चेनचे संगणक चालवणाऱ्यांनी) काही न करता लागू होऊ शकतो. कॉसमॉस हबवर एखाद्या मापदंडाचा बदल आपोआप होतो, परंतु सॉफ्टवेअर बदलायचे असेल, तर मंजुरीनंतर ठरलेल्या ब्लॉकपाशी चेन थांबते आणि व्हॅलिडेटरांनी नवी आवृत्ती चालू केल्यावरच ती पुढे सरकते. केवळ मजकुराचा प्रस्ताव तर काहीच बदलत नाही. इथेरियमच्या मूळ प्रोटोकॉलसाठी बंधनकारक टोकन-मतदान मुळातच नाही. तेथे चर्चा होते आणि कोणते सॉफ्टवेअर चालवायचे हे नोडचालक ठरवतात.

मंजुरी आणि अंमलबजावणी यांत सक्तीचा अवकाश ठेवण्याची पद्धत मला आवश्यक वाटते, पण तिचीही किंमत मोजावी लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपाउंडच्या ६२ क्रमांकाच्या प्रस्तावातून आलेल्या कोडमध्ये दोष निघाला आणि काही वापरकर्त्यांना हक्कापेक्षा कितीतरी अधिक टोकन मिळू लागले. चूक सर्वांना दिसत होती, तरी दुरुस्तीलाही त्याच मतदानातून आणि त्याच प्रतीक्षेतून जावे लागल्यामुळे काही दिवस नुसते पाहत बसावे लागले.

कोरीपाटी:
दोघांचेही आभार. माझे आणखी थोडे टोकन एका एक्स्चेंजवर तसेच पडून आहेत. त्यांचे मत कोण देतो? आणि मला खरोखर कोणतीच बाजू घ्यायची नसेल, तर काय करावे?

जमाखर्च:
एक्स्चेंजवरील टोकनांच्या किल्ल्या एक्स्चेंजकडे असतात, त्यामुळे मत द्यायचे ठरवले तर तेच देऊ शकतात. मार्च २०२० मध्ये स्टीम या ब्लॉकचेनच्या नेटवर्कवर काही मोठ्या एक्स्चेंजनी ग्राहकांच्या ठेवी वापरून मतदान केले, मोठा गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात समुदायातील बरेच जण हाइव्ह नावाची वेगळी चेन काढून बाहेर पडले.

बाजू घ्यायची नसेल, तर ‘तटस्थ’ असे स्वतः नोंदवावे. तसे केले की तुमचे वजन व्हॅलिडेटरच्या मताला जोडले जात नाही. मुदत संपेपर्यंत मत बदलता येते आणि शेवटचे मत धरले जाते. मात्र कॉसमॉस हबवर मोजणी मुदत संपतानाच्या स्टेकवर होते, त्यामुळे मत देऊन मध्येच स्टेक काढायला घातलात, तर त्या टोकनांचे मत मोजणीत येणार नाही.