शर्यतीच्या आठवड्यात मसाज कधी घ्यायचा आणि किती जोरात?

घाटवेडी:
पाच आठवड्यांनी माझी तीन दिवसांची स्टेज रेस आहे. पहिल्या दिवशी टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध), मग दोन दिवस दोन लांब स्टेज, म्हणजे टप्पे. आठवड्याला १०-१२ तास सायकलिंग होतं. गेल्या महिन्यात रविवारी शर्यत होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी तासभर डीप टिश्यू मसाज घेतला. फार दुखत होतं, पण उद्या पाय मोकळे होतील या आशेवर दात-ओठ खाऊन पडून राहिले. झालं उलटंच. पहिल्याच चढावर मांड्या भरून आल्या आणि एरवी सहज निघते ती पॉवर निघेना.

कोच म्हणतात, मसाज म्हणजे वेळ घालवणं. टीममधली मैत्रीण म्हणते, त्याशिवाय लॅक्टिक अ‍ॅसिड निघतच नाही. कोणाचं ऐकू? शिवाय डाव्या मांडीची बाहेरची बाजू महिनाभर ताठ आहे. मसाज केला की दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

जुने_हात:
मी नऊ वर्षं शर्यती केल्या आणि त्यानंतर अकरा वर्षं एका टीमबरोबर स्वान्यर, म्हणजे रायडरांची देखभाल करणारा मदतनीस, म्हणून काम केलं. सकाळी बाटल्या भरायच्या, दुपारी रस्त्याकडेला खाण्याच्या पिशव्या द्यायच्या आणि संध्याकाळी एकामागून एक चार रायडरांचे पाय हातात घ्यायचे. त्या अनुभवावरून सांगतो.

तुमचा शनिवार चुकला. खोल दाब देऊन रगडलेला स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकतो, हात लावला तरी दुखतो. असं काम करायचंच तर शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी, म्हणजे रविवारच्या शर्यतीसाठी बुधवारपर्यंत. आदल्या दिवशी फार तर वीस मिनिटं हलका हात, घोट्याकडून वर. टाइम ट्रायलच्या सकाळी मी कोणालाही टेबलावर घेत नसे, रोलरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या साधनावर, वॉर्मअपला पाठवत असे. चोळून सैल केलेले पाय सुरुवातीच्या जोराला सुस्त वाटतात, हे मी स्वतः रायडर असताना भोगलंय.

लॅक्टिक अ‍ॅसिडचं म्हणाल तर ते मालिशवाल्याची वाट बघत बसत नाही. शर्यत संपल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (तुम्ही म्हणता ते हेच) आपोआप मूळ पातळीवर येतं, हळूहळू पायडल मारत राहिलात तर आणखी लवकर. २०१२ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ तरुणांना सायकलवर पार दमवलं, एकाच मांडीची १० मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक नमुने काढून तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. पण मालिश झालेल्या मांडीत सूज-दाहाचे संकेत कमी होते. २०२० मध्ये २९ अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा वेग किंवा ताकद वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. लवचिकता आणि दुखणं यांत मात्र थोडा फायदा दिसला. म्हणून एकाच शर्यतीपुरतं तुमच्या कोचचं म्हणणं मला पटतं. सलग तीन दिवसांच्या शर्यतीत नाही. तिथे कमी दुखणं आणि त्यामुळे लागलेली झोप यांची किंमत तिसऱ्या दिवशीच्या चढावर कळते.

आता डाव्या मांडीबद्दल, कारण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. आमचा एक रायडर एका शर्यतीच्या पहिल्याच दिवशी पडला. किरकोळ खरचटलं, उठून पुढे गेला. त्या संध्याकाळी त्याचे दोन्ही पाय सारखे होते. दुसऱ्या संध्याकाळी डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला दोरखंडासारखा पीळ लागला. तिसऱ्या संध्याकाळी तो खुब्यापर्यंत चढला होता, उजवी मांडी मात्र लोण्यासारखी. मी त्याला म्हटलं, बूट आण. डावा क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला असलेला, पायडलमध्ये अडकणारा तुकडा, पडताना फिरला होता आणि तीन दिवस त्याची टाच आत ओढली जात होती. मेकॅनिकने क्लीट सरळ केला आणि दोन दिवसांत पीळ गेला. त्यात माझ्या मालिशचा वाटा फक्त सापडण्यापुरता. त्यासाठीच तोच माणूस, तेच हात असावेत असा माझा आग्रह असतो. नव्या माणसाला तुमचा पाय कालच्यापेक्षा वेगळा आहे हे कसं कळणार?

म्हणून आधी क्लीट आणि सीटची उंची तपासा. मांडीच्या बाहेरची ती जाड पट्टी कितीही दाबली तरी लांबत नाही, उगाच काळीनिळी होते. हात लावायचाच तर नितंबावर आणि खुब्याच्या पुढच्या स्नायूवर लावून घ्या.

फिजिओ_सायकलवाली:
वरच्याशी सहमत. एक भर घालते. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर मालिश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ती रक्ताची गाठ असू शकते. ताज्या मुक्या मारावर पहिले काही दिवस रगडणं नको, तापात तर नकोच. आणि मसाज करताना श्वास रोखावा लागला तर दाब जास्त आहे असं समजा आणि तसं बोला.

घाटवेडी:
क्लीट पाहिला! डावा उजव्यापेक्षा स्पष्ट तिरका आहे. दोन महिन्यांपूर्वी बदलला होता, तेव्हाच चुकला असणार. आज सरळ करून दीड तास चालवली, उद्या कळवते. शर्यतीत टीमबरोबर मालिश करणारं कोणी नाही. स्वतःच काय करू?

जुने_हात:
फिनिशनंतर १०-१५ मिनिटं हलक्या गिअरमध्ये फिरवा. मग खा, आंघोळ करा. त्यानंतर पाठ टेकून पाय भिंतीवर चढवा आणि थोडं तेल घेऊन दोन्ही तळहातांनी मांडीवरून जांघेकडे लांब हात फिरवा. मग बसून घोट्यापासून पोटरी. अंगठे खुपसायचे नाहीत, गुडघ्यामागच्या लवणीत अजिबात दाबायचं नाही. एका पायाला सात-आठ मिनिटं पुरतात. पायांवर केस असतील तर तेल जरा जास्त घ्या, नाहीतर मुळं ओढली जाऊन पुटकुळ्या येतात. खरचटलेल्या जागा सोडून द्या.

पण हे पहिल्यांदा शर्यतीत करू नका. येत्या पाच आठवड्यांत ज्या शनिवार-रविवारी सलग दोन कठीण राइड असतील, त्या शनिवारी संध्याकाळी करून बघा आणि रविवारी पाय कसे होते ते डायरीत लिहा. एखाद्या शनिवारी मुद्दाम करू नका, तेही लिहा. आणि उद्या मांडीचं नक्की कळवा, वाट बघतोय.