इराकच्या टोळ्यांना १९३५ साली स्वतःच्याच देशाची फौज का नको होती?

वाईची_रेवा

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ११०व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले होते. कूतच्या वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीत तुर्कांच्या हाती लागले. घरी परतायला १९१९ उजाडलं. मरेपर्यंत गावात त्यांना "बसऱ्याचे आबा" म्हणत. चावडीच्या भिंतीत अजून संगमरवरी पाटी आहे, या गावातून लढाईला इतके गेले, इतके परत आले नाहीत, अशी. त्यामुळे इराकचं काही दिसलं की मी वाचतेच.

परवा वाचलं की इराक १९३२ ला स्वतंत्र झाला, १९३४ ला सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आला आणि १९३५ मध्ये टोळ्या उठल्या. माझं इथंच अडतंय. याच टोळ्यांनी १९२० साली इंग्रजांना घाम फोडला होता. घरोघरी बंदूक. मग आपल्याच राज्याच्या फौजेत जायला एवढी खळखळ का? आमच्या आबांना तर कुणी सक्तीही केली नव्हती.

खडूफळा

त्यात अवघड काय आहे? टोळीला शेख कळतो, देश कळत नाही. बगदादचे बहुतेक बडे अधिकारी जुन्या उस्मानी, म्हणजे तुर्की, फौजेतले. बसऱ्याचा, मोसुलचा आणि डोंगरातला पोरगा एका बराकीत झोपला की इराकी होईल, असा त्यांचा हिशोब होता. १९२७ मध्ये हेच विधेयक आणलं तेव्हा इंग्रजांनी अंग काढून घेतलं. टोळ्या बिथरल्या तर आमची विमानं मदतीला येणार नाहीत, म्हणाले. का? इराकची फौज छोटी राहिलेली त्यांना बरी. सक्तीशिवाय राष्ट्र घडत नाही, कडू वाटलं तरी.

लेव्हलवाला

खडूफळा सर, इंग्रजांबद्दल तुम्ही म्हणता ते निम्मं पटलं. बाकीच्यासाठी जरा लांबण लावतो.

१९७९ ते ८२ मी दक्षिण इराकमधल्या समावा भागात कालव्याच्या कामावर सर्व्हेअर होतो. रुमैथा तिथून जवळच. हे तेच गाव, जिथं १९२० साली एका शेखाला अटक झाली आणि बंडाची ठिणगी पडली. १९३५ च्या मे महिन्यात पुन्हा तिथंच पेटलं. आमचं काम म्हणजे स्टाफ, म्हणजे मापाची काठी, उभा करायचा, दुर्बिणीतून वाचायचं, लेव्हल बुकात आकडे टिपायचे. वही उघडली की गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस हळूच जवळ यायचं आणि ड्रायव्हरला विचारायचं, "नावं लिहितायत का?" जमिनीचे चढउतार लिहितोय हे सांगून पटायचं नाही. मी वही दाखवायचो. नुसते आकडे बघून ते आणखीच संशयानं बघायचे!

ड्रायव्हर तिथलाच, साठीचा. त्यानं एकदा सांगितलं, त्याच्या लहानपणी वहीवाला येणार अशी कुणकुण लागली की मोठी पोरं खजुरीच्या बागांत पळायची आणि घरातले वय वाट्टेल ते सांगायचे. त्यांना लढाईची भीती नव्हती हो, वहीची होती. उस्मानी अमलात भरतीला नेलेला माणूस बहुतेक वेळा परत यायचाच नाही. एकदा नाव लागलं की मागोमाग सारा, दंड, बंदूक जप्त, सगळं येणार हे पिढ्यांचं शहाणपण.

आता रेवाताईंचा प्रश्न. फौज "आपली" होती का? राज्यानं टोळ्यांना नागरिक म्हणून कधी वागवलंच नव्हतं. इंग्रजांनी १९१६ मध्ये टोळ्यांच्या तंट्यांसाठी वेगळं नियमपत्रक काढलं होतं. त्यात निवाडा शेखामार्फत व्हायचा, शहरातलं न्यायालय त्यांना नाही. स्वतंत्र इराकनं ते १९५८ पर्यंत तसंच चालू ठेवलं. १९३३ साली कुळांच्या हक्क-कर्तव्यांचा कायदा केला. नावात हक्क आधी, पण आत अशी तरतूद की कर्ज अंगावर असलेल्या कुळाला जमीन सोडून जाता येणार नाही. आणि कर्ज नसलेलं कूळ मी तरी पाहिलं नाही, तिथं काय नि इथं काय. म्हणजे न्याय शेखाकडे, जमीन शेखाकडे, कर्जाची दोरी शेखाकडे. आणि पोरगा तेवढा थेट बगदादला द्या! शेखाला वाटलं आपले बंदूकवाले काढून घेतायत, कुळाला वाटलं राबणारा हात जातोय. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी ही दोन माणसं भरतीपुरती एका बाजूला आली.

इराकचा पहिला राजा फैसल, त्याला हे दिसत होतं. मरण्याआधी त्यानं एक गोपनीय टिपण लिहिलं होतं. लोकांकडे १ लाखाहून जास्त रायफली आणि सरकारकडे १५ हजार, असा त्यात हिशोब आहे. भरतीची घाई कशापायी होती, ते या दोन आकड्यांत आलं.

एक मात्र कबूल करतो. १९३५ चे सगळे उठाव भरतीमुळे झाले असं म्हणणं चूक. बगदादचे पुढारीच एकमेकांची मंत्रिमंडळं पाडायला शेखांना चिथवत होते. जमिनीची भांडणं होती, शियांना सत्तेत वाटा नसल्याची आग होती. भरतीची वही त्यावर येऊन पडली.

पोथीवाली

दक्षिणेचं झालं, उत्तरेचं राहिलं. सिंजार डोंगरातले यझिदी, म्हणजे स्वतःचा वेगळा धर्म पाळणारा समाज, ऑक्टोबर १९३५ मध्ये उठले ते मात्र सरळसरळ भरतीवरून. लष्करी कायदा लागू झाला, गावं उद्ध्वस्त केली, दोनशेहून जास्त माणसं मारली गेली.

यांचं दुखणं जुनं. १८७२ मध्ये उस्मानी सरकारनं भरतीला हात घातला, तेव्हा त्यांनी १४ कलमांचा अर्ज लिहून दिला होता. तो कितीही वेळा वाचा, कंटाळा येत नाही. आमच्यातला माणूस वर्षभर परमुलखात राहिला तर त्याची बायको त्याला निषिद्ध होते. दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या चमच्यानं जेवता येत नाही, त्याच्या कंगव्यानं केस विंचरता येत नाहीत. गडद निळा कपडा चालत नाही. मरताना उशाशी आमचा पीर, म्हणजे धर्मगुरू, लागतो. कोबी, लेट्यूस, भोपळा, भेंडी वर्ज्य. (भेंडीवर माझ्या मुलाची सही आनंदानं मिळेल.)

वरवर हसू येतं, पण प्रत्येक कलम बराकीच्या एकेका गोष्टीवर बोट ठेवतं: गणवेश, ताट, मुदत, मरण. सोवळंओवळं पाहिलेल्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. अर्ज मुद्दाम ताणून लिहिला असेलही, पण अर्जदार तेच करतात.

खडूफळा

अशा सवलती देत बसलं तर फौज उभी कधी राहणार?

लेव्हलवाला

उभी राहिली की. १९२५ च्या सुमारास साडेसात हजारांची होती, ती काही वर्षांत दुपटीच्या पुढे गेली. शिपाई बहुतेक दक्षिणेतले शिया, अधिकारी बहुतेक सुन्नी. सेनापती बकर सिद्कीनं तिच्या जोरावर फरात काठच्या टोळ्या चिरडल्या आणि वर्षभरानं, २९ ऑक्टोबर १९३६ ला, तीच फौज घेऊन बगदादवर चालून आला. अरब देशांतलं फौजेचं पहिलं बंड ते. समजूत घालायला पुढे गेलेल्या संरक्षणमंत्र्याला वाटेतच ठार केलं. हे मंत्री म्हणजे जाफर अल-अस्करी, इराकचे पहिले संरक्षणमंत्री, ही फौज ज्यांनी उभी केली ते. तुमचं राष्ट्र त्या बराकीत घडत होतं, सर.

आमच्या ड्रायव्हरचे दोन मुलगे १९८० च्या सप्टेंबरनंतर, इराणशी युद्ध पेटल्यावर, बोलावले गेले. तेव्हा खजुरीच्या बागेत कुणी पळालं नाही. प्रत्येकाच्या खिशात ओळखपत्र होतं.

वाईची_रेवा

काका, पोथीवाली ताई, आभार. वहीवरून आठवलं. आमच्या चावडीच्या पाटीवर नावं नाहीतच, नुसते आकडे आहेत. आबांचा पलटणीतला नंबर घरात कुणाला माहीत नाही. शोधायचं तर अर्ज कुठे करायचा?