चर्चा : कुंभमेळ्याच्या निधीतून आधी वाड्यांची नोंद करा, मग कमानी उभारा

गोदाकाठ (मूळ पोस्ट)

२०२७च्या कुंभमेळ्याची तयारी सुरू आहे. पुन्हा घाट, रस्ते, दिवे, कमानी हीच चर्चा. माझी मागणी एकच आहे. जुन्या नाशकात बांधकामाचा पहिला फावडा पडण्याआधी गावठाणातल्या वाड्यांची सविस्तर नोंद करा, आणि ते काम ठेकेदाराला न देता इथल्या संस्थांवर सोपवा.

संस्था नाहीत असं नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, त्याचं स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे. अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था के. के. माहेश्वरी आणि डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी १९८० मध्ये उभी केली.

नोंदीने काय होतं ते सांगते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,०००हून अधिक नाणी. नाणी क्षहरात कुळातल्या नहपान राजाची, पण त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, त्यात तिच्या मुलाने क्षहरातांचं कुळ संपवल्याचं कोरलंय. दगडातलं विधान चांदीने खरं ठरवलं. नाणी सोनाराच्या मुशीत जाण्याआधी कोणीतरी मोजली, वाचली, लिहून ठेवली म्हणून हे शक्य झालं.

वाड्यांच्या माळ्यांवर आजही कागद आहेत. तीर्थोपाध्यांच्या घरी यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. वाडा पाडताना सागवान विकलं जातं, बाडं रद्दीत जातात. हे थांबायला हवं.

तिवंध्याचा रहिवासी

ताई, तळमळ पोचली. पण मी वाड्यात राहतो, तुम्ही वाड्याबद्दल लिहिता.

आमच्या वाड्याला हिस्सेदार इतके की एका सहीसाठी तीन शहरांत फोन करावे लागतात. भाडेकरू पागडीचे, म्हणजे एकदा रक्कम भरून नाममात्र भाड्यावर राहणारे. भाडं इतकं कमी की त्यातून एका पावसाळ्याची कौलंही फिरवून होत नाहीत. मालक म्हणतो पैसे नाहीत, भाडेकरू म्हणतो माझी वास्तू नाही. दर पावसाळ्याआधी ‘धोकादायक’ची नोटीस येते, आणि जुन्या नाशकात कुठेतरी भिंत पडतेच.

नोंदणीवाले आमच्याकडे येऊन गेलेत. फोटो काढले, टेप लावून चौक मोजला, देवघराचे खांब पाहून हरखले. आईने चहा केला. त्यांनी काढलेला नकाशा आम्हाला आजतागायत मिळाला नाही. उद्या वारसा वास्तूंच्या यादीत नाव गेलं की बिल्डरही पाठ फिरवणार. नोंद तुमच्याकडे राहणार आणि गळती आमच्याकडे. मला आधी छप्पर द्या.

चुना आणि वीट

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून तिवंधेकरांना थोडं खोडतो. वाडा म्हातारा झाला म्हणून पडत नाही, पाण्याने पडतो. दगडी जोतं, वर सागाचा सांगाडा, मधे मातीत रचलेल्या विटा. कौल सरकलं की पाणी भिंतीत उतरतं आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. मग गवंडी येऊन सिमेंटचा गिलावा मारतो. तो ओल आत कोंडतो, चुना तिला बाहेर जाऊ देतो. चार वर्षांनी आख्खा पापुद्रा सुटतो आणि दोष वाड्याला लागतो.

वेळेवर टोक बदललं, कौलं फिरवली, चुना वापरला तर खर्च पाडून बांधण्याच्या जवळपासही जात नाही. पण चुन्याचं काम येणारे गवंडी आता शोधावे लागतात. सुंदरनारायण मंदिराचंच बघा. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं, राज्य संरक्षित, आणि तरी तिथलं दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं चाललं. निधी द्यायचाच असेल तर निम्मा कारागीर तयार करायला द्या. गोदाकाठ ताई, नोंद करायला विद्यार्थी मिळतील. तुळई बदलायला कोण मिळणार?

रहाडकर

तुम्ही तिघेही दगड-लाकडाचंच बोलताय. रहाडी कोणी सांभाळल्या? पेशवेकाळापासूनचे हे रंगाचे हौद वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद असतात, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी तालमीची पोरं उकरतात, साफ करतात, पूजा होते, रंग पडतो आणि धप्पे, म्हणजे हौदात उड्या, सुरू. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा... प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि मानही ठरलेला. आम्ही कुणाच्या नोंदीची वाट बघितली नाही. लोक वापरतात म्हणून रहाड राहिली. ज्या गल्लीतली माणसं उपनगरात गेली तिथली बुजली. वाड्याचंही तेच होणार. माणसं गावठाणात टिकली पाहिजेत.

लेणी रस्ता

रहाडकर, अभिमान मलाही आहे, पण लोकांच्या प्रेमावर सगळं सोडू नका. पांडवलेण्यांच्या डोंगराला इमारती भिडल्या नाहीत त्यामागे प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९५८चा कायदा आहे आणि २०१०ची दुरुस्ती आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरना परवानगी लागते. सराफ बाजारातला सरकारवाडा उभा आहे तो राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे. संस्था फार तर निवेदन देतात. बुलडोझर आदेशानेच थांबतो.

रहाडकर

आणि गोदापात्रात काँक्रीट कुणी ओतलं? मागच्या कुंभमेळ्यांसाठीच ना? कुंडांचे तळ झाकले, जिवंत झरे बुजले. ते काढा म्हणून उच्च न्यायालयात कोण गेलं? नाशिकचे साधे नागरिकच.

लेणी रस्ता

गेले, आणि आदेश कायद्यानेच मिळाला. शिवाय कोर्टात उभं राहायला जुने नकाशे लागतात, कुंड कुठे होती ते दाखवावं लागतं. या मुद्द्यावर मी गोदाकाठ यांच्या बाजूचा. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी जुन्या नाशकातली मातीची गढी खणून अहवाल छापला, म्हणून या गावाची वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेता येते. अहवाल नसता तर ती गढी लोकांच्या लेखी मातीचा ढिगाराच राहिली असती.

गोदाकाठ

तिवंधेकर, तुमचा नकाशा तुम्हाला मिळाला नाही ही गोष्ट मला सगळ्यात लागली. माझ्या मागणीत ती अट घालू या. मोजलेल्या प्रत्येक वाड्याचा नकाशा, कुठली तुळई कुजली आहे त्याची यादी आणि दुरुस्तीचा अंदाज, हे तिन्ही आधी घरच्यांच्या हातात, मग वाचनालयात. कागदपत्रांचे फोटो काढायचे, मूळ बाडं घरातच राहतील. चुनाकाम शिकणारी पोरं याच मोजणीच्या गटात असतील. पण नोंद आधीच हवी, या मतावर मी ठाम आहे. कुठलं लाकूड कुजलंय हे न पाहता वाटलेला पैसा पुन्हा सिमेंटच्या गिलाव्यात जाईल. आणि जो वाडा या पावसात पडेल त्याचा निदान नकाशा राहील.

तिवंध्याचा रहिवासी

नकाशा आणि अंदाज हातात मिळणार असेल तर दार उघडतो. पण अंदाजाखाली पैसे कोण भरणार ते लिहिलेलं नसेल तर तो आणखी एक कागद झाला. विकास नियमावलीत वारसा वास्तूला टीडीआरची, म्हणजे तिथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची, सोय आहे म्हणतात. ती मालकाला मिळेल, पागडीवाल्याचं काय? त्याला हक्क नाही मिळाला तर तो दुरुस्तीला संमती देणार नाही, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही दिली नसती. मालक-भाडेकरूंना एका टेबलाशी बसवणारं कुणी या संस्थांत असेल तर सांगा. आमच्या गल्लीपासून सुरू करा.

चुना आणि वीट

टेबलाशी बसायला मी येतो. पण पाऊस लागायच्या आत कौलं फिरवून घ्या, त्याला ना संमती लागते ना यादी.