एकच ट्यूब बदलून बघा
तुमच्या फेंडर ब्लूज ज्युनिअर या गिटार अँपचा आवाज लवकर फाटतो म्हणून तिन्ही प्रीअँप ट्यूब (गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) बदलायला निघालात, पण थांबा जरा. खरा फरक पडतो तो पहिल्या सॉकेटात, स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबपासून सर्वांत लांबच्या. तिथे मुळात असलेल्या १२एएक्स७ ट्यूबचा गेन फॅक्टर, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, १००, ५७५१चा ७०, १२एवाय७चा जेमतेम ४५. मी ५७५१ लावलीय. आवाज न फाटता व्हॉल्यूम आता निवांत फिरवता येतो. १२एवाय७ जुन्या ट्वीड फेंडरमध्ये असायची, पण सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारवर मला ती मिळमिळीतच वाटली. बायसची, म्हणजे ट्यूबचा करंट जुळवायची, भानगड नाही, फक्त अँप बंद करून गार होऊ द्या. नवी ट्यूब लावून अँप चालू केलात की काचेवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून नुसतं ‘टक’ आलं तर चालेल. घंटेसारखं घुमलं, तर सरळ दुकानात परत.